सासूबाईंच्या आयरिसची नियमित तपासणी

७ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंचं घर आज रिकामं झालं. आमच्याकडे राहायला या, असं मी मनापासून म्हटलं होतं. त्यांच्यासाठी दिवसभराचं वेळापत्रकही करून दाखवलं होतं : फिरणं, औषधं, विश्रांती, पुन्हा फिरणं. ते वाचल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी स्वतःसाठी फ्लॅट बघितला. स्वाभिमानी बाई.

शेवटी उरली मागच्या अंगणातली आयरिसची फुलझाडं. नवे मालक तिथे गाड्यांसाठी फरशी टाकणार, म्हणून सासूबाईंनी सगळे कंद उपटून पोत्यात भरले होते. फ्लॅटला बाल्कनी नाही. म्हणाल्या, अर्धे थोरल्या जावयांनी न्यावेत, अर्धे धाकट्यांनी. धाकटा मी. मी सगळेच मागितले. साडूंच्या घरी प्लास्टिकचं झाडसुद्धा कोमेजल्यासारखं दिसतं, हे खरं कारण. ते बोललो नाही. एका ठिकाणी असले की देखरेख सोपी, एवढंच बोललो. साडू म्हणाले, न्या न्या, माझी डिकी तरी स्वच्छ राहील.

सासूबाईंचं मागणं एकच. २६ एप्रिलला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात, आणि आयरिस त्याच सुमाराला फुलते. म्हणाल्या, केक नको, साडी नको, माझी ही फुलं तेवढी टेबलावर दिसू देत, घर गेलं तरी ती आहेत असं वाटेल. मी सगळ्यांसमोर शब्द दिला. बोलताना आवाज भरून आला. बायको म्हणते, घसा खाकरल्यासारखा वाटला.

लावायची कशी, हेही त्यांनी सांगितलं. कंद आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा. पाय मातीत, पाठ उन्हात. पाणी द्यायला विसरलात तरी चालेल. मी विचारलं, साधारण किती विसरायचं. त्या हसल्या. प्रश्न गंभीर होता.

८ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसातून लवकर निघालो. पोतं अंगणात ओतून तपासणी केली. माझी नोकरी लिफ्ट तपासण्याची. त्या कामाचा पहिला धडा असा की संशयास्पद भाग चांगल्या भागांजवळ राहू द्यायचा नाही. त्याप्रमाणे दोन ढीग केले. तुकतुकीत, कोवळे कंद एकीकडे. सुरकुतलेले, वाकडे, गाठी आलेले दुसरीकडे. हे दुसरे मागच्या भिंतीवरून पलीकडच्या बोळात टाकले. तिथे कुणीतरी बांधकामाचं डबर टाकून ठेवलंय, त्यावर पडले.

हा कचरा टाकणं झालं का? विचार केला. कंद हा जैविक पदार्थ, आणि डबर आधीपासून तिथे होतंच. नाही झालं.

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, बाबा, ती आजीची होती ना. मी क्वारंटाइन म्हणजे काय ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे म्हातारे झाले की भिंतीपलीकडे. पंधराव्या वर्षी मुलं फार सरसकट बोलतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

वाफा तयार. चाळलेली माती, शेणखत, कडेने विटा. किती खोल लावायचे यावर वाचन केलं. आयरिसबद्दलच्या पानावर लिहिलं होतं, कंदाची पाठ उघडी ठेवा. त्याच पानावर खाली ट्यूलिपबद्दलही होतं : चांगले वीतभर खोल. दोन्हींची सरासरी काढली.

खरं सांगायचं तर उघड्या पाठीची कल्पना मला सहन होत नाही. पुढे थंडी आहे. सासूबाईंनी आयुष्यभर तसंच केलं हे ठीक; पण त्यांच्या वेळी लिफ्टलासुद्धा जाळीचे दरवाजे चालायचे.

लावणी पूर्ण. वरून माती सारखी केली. काहीही दिसत नाही, इतकं नीट झालंय.

१४ सप्टेंबर, रविवार

संकल्प : पुढच्या रविवारपर्यंत पाणी नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाणी दिलं नाही. माती जरा ओलसर केली. पाणी देणं म्हणजे झारी पूर्ण रिकामी करणं, अशी व्याख्या मनाशी ठरवली. झारीत तळाला थोडं शिल्लक ठेवलं.

१७ सप्टेंबर

कालचं शिल्लक पाणी शिळं होईल म्हणून ओतलं.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिली नियमित तपासणी. एकच कंद काढून बघितला. मुळं धरू लागली होती. धरू लागली होती असं म्हणतो, कारण काढताना ती तुटली. कंद परत ठेवला. मग वाटलं, एकावरून सगळ्यांची स्थिती कशी कळणार. शेजारचा काढला. मग न्यायाचा प्रश्न आला.

संध्याकाळपर्यंत सगळे तपासून परत ठेवले. प्रकृती चांगली. बायको वरच्या खिडकीतून म्हणाली, जिवंत आहेत का ते बघायला रोज कुणी मला उठवलं तर मीही मरेन. म्हटलं, रोज नाही, दर रविवारी.

१२ ऑक्टोबर, रविवार

कोंब आले होते, ते पिवळे पडलेत. ऋतूच तसा आहे. समोरच्या रस्त्यावरची मोठी झाडंही पिवळी पडली आहेत, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही.

साडू आणि मेहुणी चहाला आले होते. मी तपासणीतच होतो. साडू कठड्यावर बसून बघत राहिले. म्हणाले, तुम्ही यांना लिफ्टचंच ट्रेनिंग देताय, खाली-वर, खाली-वर, आता एवढी बटणं लावा म्हणजे झालं. मेहुणीला इतकं हसू आलं की तिने कप खाली ठेवला. मी पण हसलो. नंतर विचार केला : साडूंना असूया वाटत असेल का? वाटत असणार. शेवटी कंद माझ्याकडे आले.

जाताना साडू गंभीरपणे म्हणाले, बघा हो, आईंना फार आशा आहे. हेही टोमण्यातच धरावं का, ठरवता येत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

थंडी सुरू. वाफ्यावर पालापाचोळ्याचा थर दिला. त्यावर मुलीचं लहानपणचं ब्लँकेट. त्यावर ससे आहेत. बायको म्हणाली, आता गोष्ट पण सांग त्यांना. ब्लँकेट भिजू नये म्हणून त्यावर प्लास्टिक घातलं.

संकल्प : वसंतापर्यंत ब्लँकेट उचलायचं नाही.

४ नोव्हेंबर

ब्लँकेट उचललं नाही. एका कोपऱ्याने आत हात घातला. उबदार आहे. समाधान वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाफ्याला वास येतोय. उग्र नाही. म्हणजे उग्र आहे, पण नैसर्गिक. कंद हाताला मऊ लागतात. सुरुवातीला कडक होते. मऊ होणं हे रुजण्याचं लक्षण असावं. जी गोष्ट मातीशी एकरूप होते ती कडक कशी राहील?

मुलीने येऊन वास घेतला आणि न बोलता आत गेली. हल्ली तिला माझ्या कामाबद्दल आदर वाटू लागलाय.

२१ डिसेंबर, रविवार

सासूबाईंचा फोन. फ्लॅट बरा आहे, म्हणाल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, तिथले आजोबा दिवसभर त्यांच्याकडे बघतात आणि त्या आजोबांकडे. मग विचारलं, माझ्या मिशीवाल्या कशा आहेत. निळ्या पाकळीवर पिवळे केस असतात, म्हणून त्या आयरिसला मिशीवाल्या म्हणतात.

मी म्हणालो, आई, प्रगती समाधानकारक आहे. हे वाक्य मी लिफ्टच्या रिपोर्टमध्ये वापरतो, लिफ्ट बंद असली तर. ते खोटं नसतं. दुरुस्तीची प्रगती त्यात अभिप्रेत असते.

फोन ठेवल्यावर स्वतःला विचारलं : मी त्यांना फसवलं का? प्रामाणिक उत्तर असं की कंद आहेत की नाहीत हे मलाच नक्की माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी कुणाला फसवू शकत नाही. झोप लागली.

१८ जानेवारी, रविवार

वरच्या बाथरूमची खिडकी साफ करताना मागचा बोळ दिसला. डबरावर रान माजलंय. तलवारीसारखी पाती, पंख्यासारखी पसरलेली. भर थंडीत हिरवीगार. याला म्हणतात तण. ज्याची कुणी काळजी घेत नाही ते कसं बिनदिक्कत वाढतं, आणि इकडे मी ब्लँकेट घालतोय.

अशा तणाचं बी भिंतीवरून आत आलं तर माझ्या वाफ्याचं काय? नगरपालिकेच्या हेल्पलाइनला फोन केला. बोळात अनधिकृत झाडोरा वाढला असून तो काढण्यात यावा, अशी रीतसर तक्रार नोंदवली. फोनवरच्या बाईंनी विचारलं, साप वगैरे दिसला का. मी दिसला नाही असं सांगितलं. दिसला म्हटलं असतं तर लवकर आले असते, पण तत्त्व आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

ब्लँकेट काढलं. ससे ओळखू येत नाहीत.

आणि आनंदाची गोष्ट. वाफ्याच्या मध्यावर एक हिरवा कोंब. उंच, सरळ, ताठ. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. बायको म्हणाली, हं. फार बोलली नाही, पण ती भावना लपवते.

नगरपालिकेला स्मरणपत्र पाठवलं. आता तर माझ्याकडे रक्षण करण्यासारखं काहीतरी आहे.

१ मार्च, रविवार

कोंब उत्तम वाढतोय. शेजारी आणखी दोन. काठीचा आधार दिला. सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं : छान. मग बऱ्याच वेळाने : पान गोल का दिसतंय. मी लिहिलं, कॅमेऱ्याचा कोन.

संकल्प : याला हात लावायचा नाही. तपासणी फक्त नजरेने.

८ मार्च, रविवार

मुलीने कोंबाचं टोक तोडलं. मला विचारलंही नाही. वास घेतला आणि माझ्या नाकाखाली धरलं.

कांदा.

स्वयंपाकघरातला ओला कचरा मीच खत म्हणून घातला होता. त्यातून एखादा रुजला असणार. मी म्हणालो, आयरिसची एखादी सुगंधी जात असू शकते. मुलगी म्हणाली, बाबा, हा सुगंध नाहीये. बायको आतून म्हणाली, सगळा तोडू नकोस, संध्याकाळी मला लागेल.

सासूबाईंनी फोटो ओळखला असेल का? छान म्हणाल्या होत्या. आयुष्यभर कांदा बघितलेली बाई. पण छान म्हणाल्या होत्या.

१५ मार्च, रविवार

वाफ्यात कांद्याशिवाय काही नाही. वेळ आहे अजून. उशिरा येणारं फूल टिकाऊ असतं असं वाटतं. कुठे वाचलेलं नाही, पण वाटतं.

बोळातलं तण मात्र गुडघ्याएवढं झालंय. दुसरं स्मरणपत्र, फोटोसह. तणनाशक स्वतःच आणून मारावं असा विचार होता. बायको म्हणाली, तिथे मांजर बसते, खबरदार. त्या एका मांजरापायी अख्ख्या बोळाचं नुकसान.

५ एप्रिल, रविवार

आज स्वतःशी स्पष्ट बोललो. समजा आयरिस वेळेत फुलली नाही, तर दुकानातून आणून टेबलावर ठेवणं योग्य का?

विरुद्ध : फसवणूक. त्या पाकळी बघून ओळखतील.
बाजूने : पंचाहत्तरी. रिकामं टेबल. साडू.

दुपारी फूलवाल्याच्या दुकानापर्यंत गेलो. दारातून परत फिरलो. काही गोष्टी माणसाला करवत नाहीत. शिवाय दुकान बंद होतं.

१२ एप्रिल, रविवार

तिसरं स्मरणपत्र. बोळातल्या तणाला आता उंच दांडे आणि टोकाला तुरे आलेत. "बी पडण्यापूर्वी तातडीने कारवाई व्हावी" असं लिहिलं. भाषा कडक झाली. पण घरात काहीच हाताबाहेर नसताना बाहेरची एक गोष्ट हाताबाहेर गेलेली असली की मला बघवत नाही.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. घरात काहीच हाताबाहेर नाही, हे बरोबर आहे का? खोडलं नाही. शाई वाया जाते.

१९ एप्रिल, रविवार

कांदे तेवढे ठेवून सगळा वाफा उकरला. शेवटची तपासणी.

काही नाही. तपकिरी चिखल, आणि त्यात जुन्या साबणासारखे काही लगदे. हातात घेतले की निसटतात. एका लगद्याला अजून साल होती. तो धुऊन पुसून खिडकीत ठेवला. बायकोने पाहिला. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, मी लहान असताना आई कपडे वाळत घालायची ना, तेव्हा माझी उंची त्या फुलांएवढी होती. मी म्हणालो, मी नीट करायचा फार प्रयत्न केला गं. ती म्हणाली, तेच तर.

तेच तर म्हणजे काय, विचारलं नाही.

निर्णय : रविवारी जेवणाआधी सासूबाईंना खरं सांगायचं. भाषण तयार केलं. "आई, तुमच्या आयरिसच्या बाबतीत काही तांत्रिक अडचणी उद्भवल्या." बायको म्हणाली, आई, मी मारून टाकली, असं म्हण. दोन्हींची सरासरी काढतोय.

२३ एप्रिल, गुरुवार

या आठवड्यातली एकमेव चांगली बातमी. नगरपालिकेचा मेसेज : आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून उद्या सकाळी झाडोरा काढण्यात येईल. पाठपुराव्याचं फळ. एक बोळ तरी मी स्वच्छ करून दाखवला, असं आईंना सांगता येईल. त्यांना त्यात काय, असं बायको म्हणते.

२४ एप्रिल, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

सकाळी बोळात देखरेखीला गेलो. मागच्या फाटकाचं कुलूप गंजलं होतं, ते उघडायला वेळ गेला. इतके महिने मी त्या बोळात पाऊलच टाकलं नव्हतं. सगळं वरच्या खिडकीतून. बाहेर आलो. डबराच्या ढिगावर निळं काहीतरी होतं. आधी वाटलं, कुणाची तरी ओढणी उडून आलीय.

फुलं. धुरकट निळी. प्रत्येक खालच्या पाकळीवर पिवळी मिशी. विटांच्या तुकड्यांवर कंद आडवे पसरलेले, अर्धे उघडे, उन्हात पाठ शेकत पडल्यासारखे. सुरकुतलेले, गाठीगाठीचे. मी ते लगेच ओळखले. त्यांना मी स्वतः टाकलं होतं.

ज्यांना मी तुरे म्हणालो होतो त्या कळ्या होत्या. तातडीने कारवाई व्हावी, असं मीच लिहिलं होतं.

तेवढ्यात गाडी आली. गवत कापायचं मशीन घेऊन एक माणूस उतरला. मी ढिगापुढे उभा राहिलो. तो म्हणाला, बाजूला व्हा साहेब, खडे उडतात. मी म्हणालो, हे कापायचं नाही. तो म्हणाला, तक्रार आहे. मी म्हणालो, तक्रार मागे घेतो. तो म्हणाला, ती ज्याची त्यालाच घेता येते, आणि तो गृहस्थ फार खमक्या आहे, स्मरणपत्रावर स्मरणपत्र पाठवतो, आमचे साहेब वैतागलेत, म्हणून तर आज मला सगळं सोडून इथे पाठवलंय. मी म्हणालो, तो गृहस्थ मीच.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग फुलांकडे बघितलं. मग पुन्हा मला. म्हणाला, बायकोने लावलीत का. म्हणालो, सासूने. तो म्हणाला, मग बरोबर. त्याचा काय समज झाला कोण जाणे. मी दुरुस्त केला नाही.

पण त्याने फोनमध्ये बघितलं तेव्हा अडचण निघाली. तक्रार मागे घ्यायची सोय सिस्टीममध्ये नाही. ती फक्त बंद होते, आणि बंद करायला साफ केलेल्या जागेचा फोटो लागतो. मी विचारलं, फोटोत बोळच दिसायला हवा का. म्हणाला, मोकळी जमीन दिसली पाहिजे, गवताची काडी नको.

मी त्याला फाटकातून आत नेलं.

तो माझ्या वाफ्यापुढे उभा राहिला. वाकून बघितलं. बोटाने माती चाचपली. म्हणाला, वा, इथे तर काहीच उगवत नाही, काय मारता यावर? मी म्हणालो, काळजी घेतो.

त्याने बऱ्याच बाजूंनी फोटो काढले. कांदे पायाने झाकले. जाताना म्हणाला, साहेब खूश होतील, इतकी साफ जागा आम्हाला कधी जमली नाही. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. अभिप्राय मागितला होता. उत्तम असं कळवलं. मनातून दिला.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी फुलं कापून आणली. टेबलावर बरणीत ठेवली. साडू आले, बघून थबकले, म्हणाले, अरे, आणि मग खुर्ची ओढून बसले.

सासूबाई आल्या. दारातूनच दिसली असतील. चप्पल न काढता आत आल्या, एका पाकळीखाली बोट धरलं, माझ्याच आहेत म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मग बायकोने त्यांना पाणी दिलं आणि सगळे उगाच भांड्यांचा आवाज करू लागले.

भाषणाची वेळ होती. मी विचार केला होता. ही मी लावली, हे विधान खरं आहे का? कंद माझ्या हातातून गेले, मातीवर पडले, रुजले. भिंतीवरून टाकणं हीही लावणीच, फक्त उंचावरून. तेवढ्यात त्या म्हणाल्या, चला, कुठे लावलीत ते दाखवा.

मागच्या फाटकाकडे जाताना वाफा लागतो. त्या थांबल्या. विटांची कड, काठी, कांदे, सगळं बघितलं. मग बोळ, डबर, निळी फुलं. परत एकदा वाफा. मी म्हणालो, आई, दोन ठिकाणी प्रयोग केला होता. मुलगी म्हणाली, एका ठिकाणी बाबांनी काळजी घेतली. साडू म्हणाले, आणि दुसरीकडे जीव वाचला. बायकोने तक्रार, स्मरणपत्रं, मशीनवाला, सगळं सांगून टाकलं. सशांसकट.

सासूबाई भिंतीला धरून हसल्या. डोळे पुसले, पुन्हा हसल्या. म्हणाल्या, जावई, तुमच्याकडे राहायला नाही आले ते बरंच केलं म्हणायचं.

मी दुखावलो का? तपासलं. थोडासा. पण त्यांना इतकं हसताना घर विकल्यापासून कुणी बघितलं नव्हतं, बायकोनेही नाही, त्यामुळे ते जाऊ दिलं.

त्यांनी खुर्ची बोळात मागवली. जेवण होईपर्यंत तिथेच, फुलांजवळ, उन्हाकडे पाठ करून बसल्या. मी शाल घेऊन गेलो. नको म्हणाल्या. राहू दे उघडी, बरं वाटतं. उशी, छत्री, पाणी? तुम्ही आत जा आणि जेवा, असं म्हणाल्या. फार प्रेमाने म्हणाल्या.

निघताना माझा हात धरला. म्हणाल्या, एक मागते, आता त्यांना हात लावू नका. शब्द दिला.

२७ एप्रिल, सोमवार

खूप विचार केला. हात लावू नका याचा अर्थ त्यांना इजा करू नका, असा घ्यायला हवा. पण इतकी मौल्यवान झाडं उघड्या बोळात, डबरावर, मांजराच्या भरवशावर सोडणं ही इजा नाही का? कुणी परत तक्रार केली तर? माझ्यासारखा एखादा जागरूक नागरिक कुठेही असू शकतो.

संकल्प : फुलं संपली की सगळे कंद आत आणायचे. नवा वाफा, ताजी माती. या वेळी पूर्ण काळजी. आणि तपासणी महिन्यातून एकदाच. फार तर दोनदा.

३ मे, रविवार

फुलं संपली. खुरपं सापडत नाही.

अवजारांची पेटी उघडून बघितली. कुदळही नाही. झारी नाही. बायकोला विचारलं. म्हणाली, साडूंना हवं होतं, दिलं. साडूंना बाग नाही. साडूंना फोन केला. म्हणाले, माझ्याकडे कुठे, आईंनी मागून नेलं, सगळंच नेलं. त्यांना कशाला लागतं, विचारलं. साडू म्हणाले, सांभाळायला.

सासूबाईंना फोन केला. उचलला नाही. मुलगी म्हणाली, आजी समोरच्या आजोबांकडे चहाला गेलीय.

वाफ्यात कांदे बरे आले आहेत. हाताने उपटून बघावेत म्हणतो, एखादाच.